टाइल्स सरळच होत्या

माझ्या धाकट्या जावेचं स्वयंपाकघर इंदौरला आहे आणि त्याचं कौतुक करणाऱ्या सासूबाई उज्जैनला, माझ्या घरी. एवढं सांगितलं की आमच्याकडच्या निम्म्या कुरबुरींचा खुलासा होतो.

जाऊ कधीतरी रविवारी येते. नमकीनचा पुडा आणते, सासूबाईंचे पाय जरा चेपते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते. तेवढ्या पाय चेपण्यावर पुढच्या भेटीपर्यंत स्तुती चालते. मी रोज पोळ्या करते, त्या नुसत्या पोळ्याच राहतात.

गेल्या वर्षी माधव नगरातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर मी नवं करून घेतलं. ओट्यामागच्या लहान चौकोनी टाइल्स फ्रीगंजच्या दुकानातून स्वतः निवडल्या. काम संपल्यावर सासूबाई आल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "टेढ्या लागल्यात गं. मधोमध लहर आलीय बघ. धाकटीकडे कसं सफाचट काम आहे!"

त्या दिवशी मी ते सोडून दिलं. पण हे रोज जेवताना सुरू झालं. आलेल्या-गेलेल्यांनाही सांगून झालं. शेवटी मी मिस्त्रीला बोलावलं. टाइल्स तपासायच्या नव्हत्या, त्या सरळ आहेत हे मला दिसत होतं. मला फक्त जिंकायचं होतं.

मिस्त्रीने भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून धरलं. सासूबाई समोर खुर्चीवर.

"देख लो माताजी, एकदम लाइन में है."

"सूतच टेढा पकडला है तूने. बीच में झोल है."

"माताजी, खिंचा हुआ सूत टेढ़ा कैसे होगा?"

सूत तारेसारखं ताठ होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझं समाधान अजून व्हायचं होतं. म्हटलं, "आई, मिस्त्री लोक एक डोळा मिटून रेघ बघतात, तसं बघा."

त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. "हां, आता सीधी आहे."

एवढ्या लवकर हार मानणं हा त्यांचा स्वभाव नाही. म्हणून मी म्हटलं, "आता उजवा झाका."

उजवा झाकून त्यांनी मान पुढे काढली. मग म्हणाल्या, "मध्ये मळका डाग आहे. सूत तिथे मोडलंय."

मिस्त्रीला मी चहा देऊन पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशीची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, त्यामुळे आता डोळ्यांना काही होणार नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं, स्कॅन केला आणि समजावलं: मोतीबिंदू भिंगाचा असतो, हे मागच्या पडद्याचं आहे. वयानुसार पडद्याचा मधला भाग झिजतो. उजव्या डोळ्यात नुसती झीज होती, ती लक्ष ठेवण्यासारखी. डाव्यात मात्र नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरायला लागल्या होत्या. त्याने सरळ रेघा वाकड्या दिसतात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा बरंच झाकून नेतो, म्हणून माणसाला उशिरा कळतं. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, लगेच. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते बऱ्याचदा टिकवता येतं.

"आणि नाही घेतली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"बाजूचं दिसत राहील. समोरचं, मधलं जाईल. वाचणं, चेहरे ओळखणं."

तेव्हा मला जावेचं स्वयंपाकघर आठवलं. तिच्या ओट्यामागे एकसंध पांढरी काच आहे. एकही सांधा नाही, म्हणजे वाकडी दिसायला रेघच नाही. तिथेही ती सुटली.

परतताना ऑटोत सासूबाई म्हणाल्या, "धाकटीला बोलावून घे. तिचं तोंड एकदा नीट बघून घेते."

मी शेजारीच बसले होते.

पहिल्या इंजेक्शनला जाऊ आली. आत नेईपर्यंत सासूबाईंनी तिचा हात सोडला नाही. फाइल, पर्स आणि चपला माझ्याकडे होत्या. "ताई, तुम्हाला कसं कळलं हो?" तिने विचारलं. "भांडताना," मी म्हटलं. ती हसली. तिला ती गंमत वाटली.

पुढच्या काही इंजेक्शनांनी पाझर आटला, रेघा बऱ्याचशा सरळ झाल्या, डाग फिका पडला. मग इंजेक्शनांमधलं अंतर वाढवलं आणि घरी तपासायला डॉक्टरांनी चौकटींचा कागद दिला, मधोमध ठिपका असलेला. वाचायचा चष्मा लावायचा, एकेक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा वाकतात का, कुठे पुसट होतात का, ते सांगायचं. कागद मी फ्रिजवर लावला. पण तपासणी व्हिडिओ कॉलवर होऊ लागली. इंदौरहून जाऊ विचारायची, सासूबाई सांगायच्या, फोन मी धरायचा.

परवा अशीच तपासणी चालली होती. "सगळं सीधं आहे गं," सासूबाई फोनकडे बघून म्हणाल्या. "आई, किती छान!" जाऊ म्हणाली. त्या लाडात येऊन हसल्या आणि माझ्या पोटात नेहमीसारखं दुखलं. म्हणून मी नीट निरखून पाहिलं. उजव्या डोळ्यावरची बोटं फाकलेली होती.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "हात काढा. मी झाकते." आणि माझा तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर घट्ट ठेवला. "आता सांगा."

"ठिपक्याच्या खाली वाकलंय."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. पुन्हा सुई नको वाटते गं."

"डोळा हवा की नको?"

"हवा." मग म्हणाल्या, "धाकटीला सांगू नकोस. उगाच घोर लागेल तिला."

म्हणजे तिला घोर नको, मला चालतो. मी तळवा काढला आणि डॉक्टरांकडे फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली.