झेंडे मी शिवले होते

माझे मालक, म्हणजे आमचे हे, शिंपी होते. शिरड शहापुरात आमच्या ओसरीवर त्यांची शिलाईची मशीन असे. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वरीस. शाळेचे मास्तर एकदा तीन रंगांचं कापड घेऊन आले आणि झेंडे शिवून मागू लागले. मालक भ्याले. न्हाई म्हणाले. मास्तर कापड तिथंच विसरल्यासारखं ठेवून गेले.

पुढच्या आठवड्यात मालक कुरुंद्याच्या बाजाराला गेले, तेव्हा मी ते झेंडे शिवले. तीन होते. दुपारपर्यंत उरकले आणि मास्तरांच्या घरी नेऊन दिले. मालकांना सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी पोलिसांचा अमीन चार जवान घेऊन दारात आला. त्याच्या हातात एक झेंडा होता. कुणी शिवला, म्हणून त्यानं विचारलं. मालकांनी तो हातात घेतला, काठ उलटून पाहिला. काठाला मी दुहेरी टाका घालते; दोरा वाया घालवतेस म्हणून ते मला नेहमी रागवत. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मीच शिवला."

त्यांना नेलं. मुद्देमाल म्हणून मशीनही गाडीत घातली.

त्यानंतर माझं जे सुरू झालं ते कुणाला समजावून सांगणं कठीण आहे. हाताला आलेला कागद उर्दूत. आमच्या गल्लीतले बांगडीवाले चाचा उर्दू वाचत. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सांगितलं, सरकारविरुद्ध बगावत असं लिहिलंय, पण शिक्षा किती ते काही लिहिलेलं नाही. चाचांना त्यांच्याच लोकांनी या भानगडीत पडू नका म्हणून बजावलं होतं. तरी ते अदालतीच्या दर पेशीला माझ्याबरोबर येत. बैलगाडीनं स्टेशन, तिथून आगगाडीनं हिंगोली. अदालतीच्या आवारात लिंबाखाली बसायचं. मालकांना साखळीनं बांधून आणत, आमच्यासमोरून आत नेत, आणि थोड्या वेळात बाहेर. मग पेशकार, म्हणजे तिथला कारकून, सांगायचा, साहेब दौऱ्यावर आहेत. पुढच्या वेळी, साक्षीदार आला नाही. त्याच्या पुढच्या वेळी कागदावर मालकांच्या वडिलांचं नाव चुकलंय, म्हणून सगळं पुन्हा लिहायचं. चूक अदालतीनं केली, फेरे आम्ही घातले. काही विचारलं की एकच उत्तर मिळे, पुढच्या पेशीला या.

एकदा मी आमच्या वकिलाला खरं सांगितलं. तो इकडंतिकडं पाहून म्हणाला, "बाई, हे पुन्हा तोंडातून काढू नका. एकाच्या जागी दोघं आत जाल." मी म्हटलं, जाऊ द्या आत. तो कागद गोळा करून उठून गेला.

पाचव्या की सहाव्या पेशीला मात्र मी थांबले नाही. दार उघडं होतं, सरळ आत गेले. मुन्सफसाहेबांसमोर उभी राहिले. "झेंडे मी शिवलेत. ह्यायला ठावं बी नव्हतं."

पेशकारानं ते उर्दूत सांगितलं. मालक मान खाली घालून उभे होते. मुन्सफानं काहीतरी विचारलं. पेशकार म्हणाला, साहेब विचारून राहिलेत, नवऱ्याला सोडवायला खोटं बोलतेस काय?

आमची मशीन तिथंच भिंतीशी होती, वर धूळ बसलेली. मी बोट दाखवलं. "कापड द्या. इथंच बसून शिवून दाखवते."

मुन्सफ हसला. रागानं नाही, लेकरू काही बोललं की आपण हसतो तसा. लिहून घ्यायची गरज नाही म्हणाला. जवानानं मला बाहेर आणलं. शिक्षा झाली असती तर मला एवढं लागलं नसतं. मी केलेलं काम मी केलं म्हणते, तर ते लिहायलासुद्धा कुणी तयार नाही.

मालकांना दीड वर्षाची सजा लागली आणि परभणीच्या तुरुंगात नेलं. मशीन सरकारजमा झाली. मी हातानं झबली, गोधड्या शिवून दिवस काढले. सजा संपायच्या आधीच राज्य गेलं, तुरुंग उघडले आणि मालक एका सकाळी चालत घरी आले. पार वाळले होते.

मी पाणी दिलं. जेवू घातलं. मग ते म्हणाले, "दर पेशीला काहून येत होतीस? तू दिसली की माझा पाय आत जायला उचलत नव्हता."

मी तर त्यांना धीर यावा म्हणून जात होते. ताप अंगात असताना गेले, नदीला पाणी असताना गेले. मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. शेजारणी एकमेकींना सांगत होत्या, नवरा तुरुंगातून सुटून आला अन् ही तोंड फुगवून बसली.