मनकर्णाची दुपारची पलटी

मनकर्णाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. हळदीच्या हंगामात आमचा कुकर चारला पेटायचा आणि त्याआधी ती माळावर हजर असायची. कुकर म्हणजे ओली हळद वाफेवर शिजवायची लोखंडी टाकी. जाळ घालायचं काम माझं. शिजलेली हळद टोपल्यांनी वाहून माळावर पसरायचं काम बायांचं. आखाडा बाळापूरजवळ मालक अमृतरावांच्या माळावर आम्ही अठरा हंगाम हे काम केलं. आता माझे खांदे गेले, मी घरी असतो. तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या कामाबद्दलच लिहावं लागेल.

शिजलेली हळद वाळायला पंधरा दिवस लागतात. रोज ती वरखाली करावी लागते. त्याला आम्ही पलटी म्हणतो. सगळ्या बाया सकाळी एक आणि संध्याकाळी एक पलटी द्यायच्या. मनकर्णा तिसरी द्यायची, भर दुपारी. उकिडवी बसून, दोन्ही हातांनी, एकेक पट्टा सरकत. मालकानं सांगितलेलं नव्हतं, त्याची वेगळी मजुरी नव्हती. तिच्या सासूची ती रीत होती. दुपारच्या पलटीनं रंग चढतो, असं सासू सांगून गेली होती. आणि मनकर्णाच्या वाट्याची हळद खरोखरच सगळ्यांत पिवळी निघायची.

मग तिचे गुडघे गेले. उठताना टोपलं उपडं घालून त्यावर हात टेकावा लागे. डॉक्टरनं उकिडवं बसू नको म्हणून सांगितलं. तरी ती दुपारी उन्हात बसलेली दिसायची.

एकदा मला म्हणाली, "दादा, दुपारची सोडली तर हळद बिघडल का?"

"सोडून बघ."

"अन् बिघडली तर माझं नाव गेलं. न्हाई बिघडली तर मग इतकी वर्सं कंबर काहून मोडून घेतली मी?"

जाळ कमी झाला होता, मी लाकूड सरकवलं.

तिची मुलगी प्रतिक्षा हिंगोलीला कॉलेजात होती. बीएस्सी, संख्याशास्त्र घेऊन. सुट्टीत आली की आईच्या जोडीनं टोपली वाहायची. त्या वर्षी ती एकाच धड्यावर अडली होती. सर फळ्यावर सोडवतात ते समजतं, म्हणाली, पण ते कशासाठी करायचं ते समजत नाही. आईचा प्रश्न ऐकला आणि टोपली खाली ठेवली.

"आई, हे तपासता येतं. आधी मानायचं की दुपारच्या पलटीनं काहीच फरक पडत न्हाई."

मनकर्णाचं तोंड उतरलं. "माझ्या पोटची पोरगी, अन् आधीच म्हणून राहिली की फरक न्हाई!"

"मी म्हणत न्हाई ग माय. मानायचं फक्त. मग ते खोटं पाडायचं काम हळदीचं. तिनं पाडलं तर तुझं बराबर."

मालनबाई शेजारीच होती. तिची जीभ हळदीपेक्षा जास्त वाळलेली. ती म्हणाली, "तपासायचंच तर तुझ्या मायची जागा आधी तपास. माझी हळद टाक की त्या वरच्या अंगाला. मग बघू हात कुणाचा पिवळा अन् जागा कुणाची पिवळी."

सगळ्या हसल्या. प्रतिक्षा हसली नाही. आमच्या माळावर रीत अशी, की वरची उताराची बाजू सर्वांत जुन्या घरच्या बाईची. तिथं ऊन आधी येतं, दव थांबत नाही. ती जागा मनकर्णाला सासूकडून आली होती. सासूला तिच्या सासूकडून. इतक्या वर्षांत पलटी आणि जागा कधी वेगळ्या झाल्याच नव्हत्या. पिवळेपणा कशाचा, हे कोणी सांगू शकलं नसतं. मीही तो पलटीचाच धरून चाललो होतो.

अमृतरावांनी सहा जोड्यांपुरती हळद वापरू दिली. माळावर सहा ठिकाणं घेतली, वरची, खालची, मधली. प्रत्येक ठिकाणी दोन पट्टे शेजारी शेजारी, एकाच घाण्याची, म्हणजे एकाच वेळी शिजलेली हळद. दुपारची पलटी दोघांपैकी कोणत्या पट्ट्याला द्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवलं. मनकर्णाला स्वतः निवडायचं होतं.

"मला दिसतंय ना कोणती चांगली वाळंल."

"म्हणूनच तुला निवडू द्यायचं न्हाई," पोरगी म्हणाली.

निवाडा करायला बाळापूरचा व्यापारी नरसिंग. तो हळकुंड मोडतो, आवाज ऐकतो, आतला रंग बघतो. प्रत्येक जोडीतली चांगली थैली त्यानं उचलायची. पलटीच्या थैलीत तळाला लाल दोरा, वरून दोन्ही सारख्या.

"फरक नसंल तर नरसिंगदादाचं उचलणं म्हणजे नाणं उडवणं," प्रतिक्षानं समजावलं. "नाण्याचे सहाच्या सहा छापे क्वचित पडतात. चौसष्टात एकदा. म्हणून सहाही तुझ्या निघाल्या तरच म्हणायचं की हे नशिबाचं काम न्हाई. कबूल?"

"कबूल."

ते पंधरा दिवस मनकर्णाला जड गेले. एका दुपारी मी पाहिलं, चिठ्ठीत न आलेल्या पट्ट्यापाशी ती बसली होती. हात पुढे गेला, हळदीवर टेकला, मागे आला. दोन लेकरं शेजारी बसवून एकालाच वाढावं, तसं तिचं झालं होतं. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाली, "न्हाई दिली पलटी. नुसती हात लावून बघितली." मी तिच्यावर विश्वास ठेवला. तिनं कामात कधी खोटं केलं नव्हतं.

नरसिंग आला. मोडली, ऐकली, उचलली. त्यानं उचललेल्या थैल्या एकेक करून उपड्या केल्या. दोरा, दोरा, दोरा. चौथ्यातही दोरा. पाचवी कोरी. सहाव्यात दोरा.

"सहापैकी पाच!" मनकर्णानं पोरीचा हात धरला.

प्रतिक्षानं कोरी थैली पुन्हा झटकून बघितली. मालनबाईच म्हणाली, "पाच म्हणजे पास की! पेपरात इतके पडले असते तर पेढे वाटले असते तू."

"सहा ठरले होते," प्रतिक्षा हळू म्हणाली. "निकाल बघून रेघ सरकवली तर कोणीबी पास होतं."

"एकानं काय होतं?" मनकर्णा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती.

प्रतिक्षानं बायांकडून रुपयाची सहा नाणी घेतली आणि आईच्या ओंजळीत दिली. उडव म्हणाली. मनकर्णानं गोणपाटावर नाणी टाकली. पुन्हा टाकली. छापे कधी तीन, कधी दोन, कधी चार. मग पाच पडले. बाया ओरडल्या. थोड्या वेळानं पुन्हा पाच. पुढे एकदा सहाच्या सहा पडले, तेव्हा मालनबाई म्हणाली, "अग बाई, नाण्यांनीबी दुपारची पलटी घेतली वाटतं!"

मनकर्णा हसली, पण नाणी गोळा करताना तिचा हात मंद झाला होता. पाच किंवा त्याहून जास्त छापे नुसत्या नशिबानं नवातून एखाद्या वेळी पडतात, हे पोरीनं नंतर आकड्यात सांगितलं. मनकर्णाला ते हातानं आधीच समजलं होतं.

"मग माझी पलटी खोटी?"

"न्हाई आई. खोटी असं ठरलं न्हाई. खरी म्हणायला इतका पुरावा पुरत न्हाई, एवढंच. सहा जोड्या थोड्या पडल्या."

"मग जास्त घेऊ."

पुढच्या हंगामात अमृतरावांनी हात झटकले. "मागच्या साली खेळ झाला ना? व्यापारी माल मागतो, जोड्या न्हाई मागत."

मनकर्णानं वाद घातला नाही. तिच्याकडे दोन हंगामांची मजुरी बाजूला होती, घरावर नवे पत्रे टाकायला. त्यातून तिनं ओली हळद विकत घेतली, तीही अमृतरावांकडूनच. पैसे हातात घेताना ते म्हणाले, "वेडी झालीस का बाई?" ती म्हणाली, "तुमीच दिलेले हायेत, मोजून घ्या." मी कुकर फुकट पेटवला, लाकडं मात्र तिनं आणली.

या वेळी वीस जोड्या. रेघ पंधरावर. नुसत्या नशिबानं पंधरा किंवा जास्त पडणं शंभरात दोनदा होतं, आणि नशिबानं शंभरात पाचदापेक्षा कमी वेळा घडतं तेच नशिबाचं नाही म्हणायचं, असं प्रतिक्षानं आधीच सांगून ठेवलं. मागचे पाच धरायचे का, असं मनकर्णानं विचारलं. नव्यानं मोजू, पोरगी म्हणाली. पंधरा दिवस मनकर्णानं पलट्या दिल्या, ज्यांना द्यायच्या त्यांनाच. गुडघ्याला फडकं बांधून.

नरसिंगनं थैल्या उचलल्या. दोरे निघत गेले, मध्येच कोऱ्या निघत गेल्या. शेवटी दोरे बारा.

मालनबाईनं बोटांवर पुन्हा मोजले. बाराच.

"बारा नशिबानं किती वेळा पडतात?" मनकर्णानं विचारलं.

"बारा किंवा जास्त, चारातून एकदा."

"म्हंजी न्हाई."

"न्हाई म्हणता येत न्हाई आई. थोडा फायदा असंलबी. पण मोठा असता तर विसात दिसायला पाहिजे होता."

मनकर्णानं एक हळकुंड घेतलं, मोडलं, आतला रंग बघितला. दुसऱ्या थैलीतलं मोडलं. दोन्ही तुकडे तळहातावर शेजारी ठेवून बघितले. प्रतिक्षा तिच्याजवळ बसली. "आई, तुझे कष्ट वाया गेले असं न्हाई ग..."

"रडू नको," मनकर्णा म्हणाली. रडत तर कोणीच नव्हतं. "तुझ्या आजीलाबी गुडघे होते. तिला कोणी सांगितलंच न्हाई. मला कळलं तरी."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती पट्ट्यांकडे गेली नाही. बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या सावलीत भाकरी खायला बसल्या होत्या. ती तिथे गेली आणि उभीच राहिली. ती सावली तेवढ्या बायांपुरतीच होती. अठरा वर्षांत मनकर्णा दुपारी कधी बसलीच नव्हती, म्हणून तिची जागा कोणी धरलीच नव्हती. मालनबाई सरकली, तरी तिचे पाय उन्हात राहिले.

"आता म्हातारपणी आलीस सावलीला," मालनबाई म्हणाली, "अन् माझं बूड उन्हात घातलंस."

तिची हळद नरसिंगनं सगळी घेतली, दोऱ्याची आणि बिनदोऱ्याची एकाच भावानं. मजुरी तिच्या हातात परत आली. आठवड्याच्या बाजारात ती आणि प्रतिक्षा बाळापूरला गेल्या. पत्रे त्या वर्षीही राहिले. तिनं चार बांबू आणले आणि सावलीची हिरवी जाळी आणली, नर्सरीवर असते तशी, जाड विणीची. खड्डे मी घेतले. जाळी माळाच्या कडेला बांधली, दहा बाया पाय पसरून बसतील एवढी.