चादरीवरचा निंब

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी फॉल-पिकोचं दुकान चालवणारी बाई दातांत दोरा धरूनच बोलते. रस्ता रुंद करताना तिच्या दारापुढचा निंब तोडला. तेव्हापासून ब्लाउजच्या चिंध्यांची पानं कापून ती जुन्या चादरीवर तोच निंब शिवत होती. हिरवी पानं थोडी, पिवळीच जास्त.

"एवढी पिवळी कशाला?"

"तोही दमलेलाच होता हो, ताई."

काल तो पुरा झाला. मी म्हटलं, "प्रदर्शनात देऊ या."

ऊन मशीनपर्यंत आलं, तशी ती स्टुलावर चढली, चादर दारावर टांगली आणि तिच्या सावलीत पुन्हा पिकोला बसली.

"इथंच राहू द्या, ताई. दुपारी लागतो तो मला."