फिलोमावशीने टांगलेला कंदील

मंडळी, आज डोळे भरलेत आणि डोकंही तापलंय.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या धाकट्या दिराने आमची सामाईक होडी आम्हाला न विचारता विकून टाकली. यांचा सख्खा भाऊ! मग आम्ही दिवाळीत कंदीलच लावला नाही.

दरवर्षी आमचा चांदणीचा कंदील दिवाळी झाली की शेजारच्या फिलोमावशीकडे नाताळला जातो. आज संध्याकाळी ती तो मागायला आली. मी दिला, तर तिने आमच्याच दारात टांगला.

"तुमची दिवाळी ऱ्हायली हाय. आधी इथं उजेड पडू दे."

होडी गेल्यापासून आज पहिल्यांदा हे ओट्यावर शांत बसले.

पण दीर समोरच राहतो. उजेड त्याच्याही अंगणात पडतोय. तेवढं मला अजून सोसत नाही. तुम्हाला सोसलं असतं?