वहिनीची टेप आणि तळ्याकाठचा आठवडा

मी तिची नणंद. वहिनीचं कौतुक करायची मला सवय नाही, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दादा-वहिनीचं शिवणाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश म्हणजे त्यांचा हातखंडा. तीन वर्षांपूर्वी एका गोडबोल्या विक्रेत्याच्या नादाने दादाने टाइमशेअर घेतलं. तळ्याकाठची एक खोली, दरवर्षी एक ठरलेला आठवडा आपला. आणि या शहाण्याने आठवडा कुठला घ्यावा? शाळा उघडायच्या तोंडावरचा! तेव्हा यांना धड जेवायलाही फुरसत नसते. घरात सगळे हसले, सगळ्यांत जास्त मी.

दोन वर्षं आठवडा रिकामा गेला. खोलीचा विषय निघाला की दादा मान खाली घालून काजं करत बसायचा. यंदा भाड्याने कुणी घेतली नाही तर परत करून टाकतो म्हणाला, मूर्ख ठरलो ते ठरलो. वहिनीला ते झोंबलं.

"तुम्ही मूर्ख नाही. तुमची जाहिरात भोंगळ आहे," ती म्हणाली.

दादाने लिहिलं होतं, 'स्वर्गसुख, एकदा याच.' वहिनीने ते खोडलं आणि मापांची वही काढली. खोली दाखवायला कंपनीने आम्हाला दोन दिवस नेलं होतं, तेव्हा सगळे तळं बघत होते आणि ही बाई गळ्यातली टेप काढून पलंग, दारं, बाल्कनी मोजत होती. तळ्याला ब्लाउज शिवणार आहेस का गं, असं मीच तिला चिडवलं होतं.

नवी जाहिरात अशी होती: पलंग सहा फुटी, उंच माणसाचे पाय बाहेर येतील. गरम पाणी सातनंतर. पुढे तीन पायऱ्या, मागे सामान न्यायचा उतार. बाथरूमचं दार एकोणतीस इंच. दादाने कपाळावर हात मारला. हे वाचून कोण येणार होतं?

आठवड्याभराने एका शिक्षिकेचा फोन आला. तिचे वडील चाकाच्या खुर्चीत. दोन ठिकाणी "येईल हो आरामात" ऐकून ते गेले आणि खुर्ची बाथरूमच्या दारात अडकली म्हणून परत आले. दुसरं कुणी असतं तर हो म्हणून मोकळं झालं असतं. वहिनीने तिला फोनवरच खुर्ची मोजायला लावली, तीही वडिलांचे हात चाकांवर ठेवून, कारण कोपरं बाहेर येतात. पंचवीस इंच भरली. दोन्हीकडे दोन-दोन इंच माया राहते म्हटल्यावर वहिनी म्हणाली, खुशाल या.

तो आठवडा आला. दुकानात गणवेशांचा ढीग, मीही बटणं लावायला बसले होते. फोन वाजला. वहिनीचे हात गुंतलेले, म्हणून तिने स्पीकर लावला. म्हातारा आवाज होता.

"मापं घेणाऱ्या बाई तुम्हीच का? पाच वर्षांनी आज मी बाथरूममध्ये एकटा गेलो. दाराची कडी आतून मी लावली."

वहिनीचं मशीन थांबलं. तिने पदराने डोळे टिपले. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू. दादा उठला, हात शर्टाला पुसले आणि फोन हातात घेतला.

"काका, पुढच्या वर्षीही याच. खोली आमचीच आहे."

दोन वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.