दाढ भरली त्या दिवशीचा फोन

लवंगेच्या तेलाचा वास आला की दुष्काळातला तो दिवस आठवतो बघा. मालक लांबच्या सहकारी साखर कारखान्यावर ऊस वाहायला गेलेले, आठवड्यातून एकदाच नेकनूरच्या दुकानात त्यांचा फोन यायचा. मी नेमकी बीडहून दाढ भरून आलेली, तोंडात तोच वास अन् इंजेक्शननं अर्धा चेहरा बधिर. गाय चारा छावणीत सुखरूप हाय एवढंच सांगायचं होतं, पण नुसतं ऊं-ऊं निघालं. "काहून रडतीस गं? गाय गेली का?" मालक घाबरले. न्हाई म्हणायला गेले, तर तेही तसंच. "गेली तर गेली. तू रडू नको, मी हाय ना," म्हणाले अन् फोन कटला. तोवर मी रडत नव्हतेच. मग मात्र रडले, अन् ओल एकाच गालाला कळत होती. आता पोरं मोबाईलवर विचारतात, "जेवलीस का?" मी स्पष्ट हो म्हणते, की ती फोन ठेवून देतात.