परिचरांचं बोट

नांदुऱ्याच्या कॉलेजात मी मुलांना कणशोधकाचं सिम्युलेशन, म्हणजे अणूतले कण टिपणाऱ्या यंत्राची संगणकावरची नक्कल, शिकवतो. उंद्री गावचे आमचे प्रयोगशाळेतले परिचर खांद्यावर फडकं टाकून मागे उभे राहतात. पडद्यावर कणाची रेघ उमटण्याआधीच ते तिथं बोट ठेवत. "आता इथून जाते पाहा, सर." रेघ तिथूनच जाई. त्यांना आधीच कसं कळतं, ते मला समजेना.

मग उमगलं. संगणकाला आपण सुरुवातीला जो आकडा देतो, त्यावरून कणांच्या वाटा ठरतात; तो दरवेळी बदलायचा असतो. मी वर्षानुवर्षं तोच ठेवला होता, म्हणून तेच कण त्याच वाटेनं जात, आणि बघून बघून परिचरांना त्या वाटा पाठ झाल्या होत्या. एका मुलीनं आकडा बदलला होता. तिचं उत्तर माझ्या उत्तराशी जुळलं नाही, म्हणून मी तिला नापास केलं.

"सर, त्या पोरीले सांगतलं काय?" परिचरांनी एकदाच विचारलं.

तिचं बरोबर होतं, हे मी तिला नाही सांगितलं. आता मी आकडा बदलतो; त्यांचं बोट चुकतं. तरी ते बोट ठेवतात, आणि पडद्याऐवजी माझ्याकडे पाहतात.